लॅबमध्येच बनवलेलं (−)-ब्लेबिस्टॅटिन: प्रत्येक बॅचचा पेशींवर वेगळा परिणाम का दिसतो?

क्विनोलोन_४

नमस्कार. पेशींच्या स्थलांतराच्या प्रयोगांसाठी (−)-ब्लेबिस्टॅटिन (पेशी आवळणारं मायोसिन २ हे प्रथिन रोखणारा रेणू) विकत न आणता आम्ही स्वतःच बनवतो. मार्ग प्रसिद्ध झालेला, तीन पायऱ्यांचा आहे. पहिल्या पायरीत १-फिनाइल-२-पायरोलिडिनोन फॉस्फरस ऑक्सिक्लोराइडने सक्रिय करून त्यावर मिथाइल २-अमिनो-५-मिथाइलबेंझोएट टाकतो आणि अमिडीन मिळवतो. दुसऱ्या पायरीत लिथियम हेक्सामिथाइलडायसिलाझाइड (खाली नुसतं ‘बेस’ म्हणतो) वापरून वलय बंद करतो, क्विनोलोन मिळतं. तिसऱ्या पायरीत पुन्हा बेस आणि डायक्लोरो-कॅम्फरसल्फोनिल ऑक्साझिरिडीन वापरून असममित हायड्रॉक्सिलेशन.

तीन बॅच झाल्या. तिन्हींचा प्रोटॉन एनएमआर स्वच्छ, मास २९३ (रेणू अधिक एक प्रोटॉन) बरोबर, रंग पिवळा. पण एचटी-१०८० या मानवी कर्करोगाच्या पेशींवर (१० टक्के सीरम, २५ मायक्रोमोलर, डीएमएसओ या विद्रावकातल्या १० मिलिमोलर स्टॉकमधून) असं दिसतंय:

पेशींच्या थरात ओरखडा काढून तो किती भरतो ते पाहिलं. बॅच १ मध्ये तो नुसत्या डीएमएसओपेक्षा हळू भरला. बॅच २ मध्ये चक्क लवकर भरला. दोन्हीकडे मोजणी १८ तासांनी.

बॅच ३ लाइफऍक्ट-जीएफपी (ऍक्टिनला चिकटून हिरवी चमकणारी खूण) असलेल्या पेशींवर वापरली. ४८८ नॅनोमीटर लेसर, दर २ मिनिटांनी एक चित्र. ४० मिनिटांत पेशी गोल होऊन तळापासून सुटल्या. मात्रा १० मायक्रोमोलरवर आणली तरी तेच.

शिवाय दुसऱ्या दिवशी सकाळी वेलमध्ये बारीक पिवळ्या सुया दिसतात.

चूक संश्लेषणात आहे की रेणूचाच स्वभाव असा आहे? आणि सरळ पॅरा-नायट्रो ब्लेबिस्टॅटिन या बदललेल्या रेणूकडे वळावं का?

---

उणे_अठ्ठ्याहत्तर

तुमच्या तीन तक्रारींची कारणं तीन वेगळी दिसतात. मी फ्लास्कच्या बाजूचं सांगतो, सूक्ष्मदर्शकाच्या बाजूचं दुसरं कुणी सांगेल.

आधी हे ध्यानात घ्या की एनएमआर आणि मास या दोन्हींना एनॅन्टिओमर (एकाच रेणूची आरशातल्या प्रतिमेसारखी दोन रूपं) कळत नाहीत. पूर्ण रेसिमिक (दोन्ही रूपं निम्मी-निम्मी असलेल्या) ब्लेबिस्टॅटिनचा स्पेक्ट्रम रेघ न् रेघ तुमच्यासारखाच येईल. एस म्हणजे (−) रूप मायोसिन रोखतं, आर म्हणजे (+) रूप जवळजवळ काहीच करत नाही. त्यामुळे प्रत्येक बॅचला कायरल एचपीएलसी (ही दोन रूपं वेगळी करून मोजणारा कॉलम) झालंच पाहिजे. त्यासाठी मुद्दाम थोडं रेसिमिक बनवून ठेवा आणि आधी तेच चालवून दोन शिखरं नीट सुटतात का पाहा. ध्रुवणकोनही घ्या. (−) रूपाचा विशिष्ट कोन डायक्लोरोमिथेनमध्ये उणे काहीशे अंश इतका मोठा असतो, तेव्हा १-२ मिग्रॅ माल पुरतो.

आता पायऱ्या.

अमिडीन. १० मिलिमोलला पायरोलिडिनोन १.६१ ग्रॅम, ऑक्सिक्लोराइड ०.९३ मिली, बेंझोएट १.६५ ग्रॅम. पायरोलिडिनोन आणि ऑक्सिक्लोराइड कोरड्या डायक्लोरोमिथेनमध्ये, नायट्रोजनखाली, खोलीच्या तापमानाला तीनेक तास ढवळायचं, मग बेंझोएट टाकून रात्रभर रिफ्लक्स. उत्पादन कमी येण्याचं कारण बहुतेक वेळा ओलावा असतो. पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यात उघडझाप झालेली ऑक्सिक्लोराइडची बाटली महिन्याभरात उतरते. झाकणाशी पांढरट थर आणि उघडताना जास्त धूर दिसला तर आधी ऊर्ध्वपातन करा. विदर्भाच्या उन्हाळ्यात अडचण उलटी असते: डायक्लोरोमिथेन ४० अंशाला उकळतं आणि नळाचंच पाणी तिशीच्या वर असतं. कंडेन्सरला थंड पाण्याचा सर्क्युलेटर नसेल तर सकाळी फ्लास्क कोरडा सापडेल.

क्वेंच करताना (अभिक्रिया थांबवताना) घाई अजिबात नको. ऑक्सिक्लोराइड थंड पाण्याशी आधी गप्प बसतं, साठून राहतं आणि मग एकदम उसळतं. फ्यूम हूडमध्ये, ढवळत्या बर्फाच्या पाण्यात अभिक्रियेचं मिश्रण थेंबाथेंबाने सोडा, उलट्या क्रमाने नाही. नंतर पीएच ८ च्या आसपास आणायला सोडियम कार्बोनेट घ्या. तीव्र कॉस्टिक वापरलं तर एस्टरचं थोडं जलविघटन होऊन आम्ल बनतं, ते कॉलमवर शेपूट काढत राहतं आणि पुढच्या पायरीत बेस खातं.

क्विनोलोन. अमिडीन टीएचएफ या कोरड्या विद्रावकात, उणे ७८ अंशाला बेस ३ तुल्यभार, मग ० अंशापर्यंत सावकाश वर, सुमारे तीन तास. बेस इतका जास्त का, तर तयार झालेलं क्विनोलोन स्वतःच आम्लधर्मी आहे आणि जन्मतःच एक तुल्यभार गिळतं. इथे कमी पडलात की अर्धं अमिडीन तसंच परत मिळतं. बाटलीवर १ मोलर लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका, टायट्रेशन करून घ्या. जुन्या बाटल्यांत ०.७ वगैरे सहज निघतं.

तिसरी पायरी, आणि तुमचा घोटाळा असेल तर इथेच. १ मिलिमोलला क्विनोलोन २७६ मिग्रॅ, बेस १.२ मिली (खऱ्या १ मोलरचा), ऑक्साझिरिडीन ७१६ मिग्रॅ म्हणजे २.४ तुल्यभार. उणे ७८ ला एनोलेट (बेसने प्रोटॉन काढलेलं क्विनोलोन) बनवायला अर्धा तास, मग ऑक्साझिरिडीन टीएचएफमध्ये विरघळवून हळूहळू, नंतर उणे १० ला साधारण १६ तास. सगळं नीट झालं तरी एनॅन्टिओमेरिक एक्सेस (एस रूप आर रूपापेक्षा किती टक्क्यांनी जास्त) ८६ टक्क्यांच्या आसपास येतो, ९९ च्या वर जायला ऍसिटोनायट्राइलमधून स्फटिकीकरण करावंच लागतं. ८६ वरून घसरण होण्याची नेहमीची कारणं दोन.

पहिलं, हवा. या एनोलेटला ऑक्सिजन मिळाला की तो स्वतःच हायड्रॉक्सिल घेतो, आणि तिथे कॅम्फरचा काही संबंध नसल्यामुळे येणारा माल रेसिमिक असतो. टीएलसीवर तोच ठिपका, एनएमआरमध्ये तेच उत्पादन, उत्पन्नही छान. म्हणून ही चूक लपते. टीएचएफमधला विरघळलेला वायू काढा (नायट्रोजनचे बुडबुडे २०-३० मिनिटं) आणि सेप्टम नवा लावा, दहा वेळा टोचलेला नको.

दुसरं, रात्री बाथ तापणं. बर्फ-मीठ भरून घरी गेलात तर पहाटेपर्यंत ते खोलीच्या तापमानाला आलेलं असतं. क्रायोकूलर नसेल तर अभिक्रिया सकाळी लावा.

क्वेंचला अमोनियम आयोडाइडचं संपृक्त द्रावण घालतात त्याला कारण आहे. उरलेलं ऑक्साझिरिडीन आयोडाइडने क्षपण होऊन इमीन बनतं आणि सुटलेलं आयोडीन सोडियम थायोसल्फेटने धुतलं जातं. ही पायरी गाळली तर जिवंत ऑक्सिडीकारक कॉलमवर आणि पुढे स्टॉकमध्ये जातो. एनएमआर पुन्हा काढून २ पीपीएमच्या खाली, १ पीपीएमजवळ कॅम्फरच्या मिथाइलच्या छोट्या रेघा दिसतात का तेही बघा. क्विनोलोन उरलं आहे का हे ओळखायला सोपी खूण: क्विनोलोनमध्ये वलयातले दोन सीएच२ नीट त्रिक दाखवतात, ब्लेबिस्टॅटिनमध्ये शेजारी कायरल कार्बन आल्यामुळे ते गुंतागुंतीचे होतात. कार्बन स्पेक्ट्रममध्ये किटोन १९४ पीपीएमच्या आसपास हवा.

---

लॅमेलिपोडिया

वरचं सगळं करा, पण ४० मिनिटांत मेलेल्या पेशींचा दोष रसायनशास्त्राला देऊ नका. तो तुमच्या ४८८ लेसरचा आहे.

ब्लेबिस्टॅटिन निळा प्रकाश शोषतं, शोषणाचा माथा ४२० नॅनोमीटरच्या आसपास आणि शेपूट ४९० पर्यंत. २००३ साली हा रेणू जाहीर झाला आणि पुढच्या एक-दोन वर्षांतच दाखवलं गेलं की ४५० ते ४९० च्या प्रकाशात तो एकीकडे निष्क्रिय होतो आणि दुसरीकडे पेशींना विषारी ठरतो. दोन्ही एकाच वेळी! म्हणजे जीएफपीबरोबर केलेल्या प्रयोगात मायोसिन रोखलेलं असेलच असंही नाही आणि पेशी निरोगी असेल असंही नाही. तो डेटा बाजूला ठेवा. मात्रा कमी करून सुटका नाही.

उपाय सरळ आहे. लाइफऍक्ट लाल करून घ्या (एमचेरी, ५६१ ने उत्तेजित) किंवा दूरच्या लाल पट्ट्यातला रंग, ६४० चा. फेज कॉन्ट्रास्टच्या दिव्यापुढेही ६०० च्या वरचं सोडणारं लाल फिल्टर लावा, कारण साध्या पांढऱ्या दिव्यात निळा असतोच. मीडियम बदलताना हूडचा ट्यूबलाइट बंद. फिक्स केलेल्या पेशींतही अडचण येते: हा रेणू हिरवट चमकतो, त्यामुळे ऍक्टिन रंगवायला फॅलोइडिन ४८८ घेतलं तर पार्श्वभूमी भरून जाते. ५६८ किंवा ६४७ घ्या.

सुया: पाण्यात या रेणूची विद्राव्यता १० मायक्रोमोलरच्या आसपास आहे. तुम्ही २५ टाकता. थोडं सीरमची प्रथिनं धरून ठेवतात, थोडं अतिसंपृक्त अवस्थेत तरंगतं आणि तास उलटत जातात तसं खाली बसतं. दोन तासांच्या प्रयोगात जे चालून जातं ते १८ तासांत चालत नाही, कारण सुया पडू लागल्या की पेशीला प्रत्यक्षात किती मिळतंय ते तुम्हाला ठाऊक नसतं. मिसळण्याची रीत अशी: मीडियम आधी ३७ अंशाला, फाल्कन ट्यूबमध्ये घ्या, व्होर्टेक्स चालू असतानाच स्टॉक भिंतीला न लावता थेट द्रवात सोडा. मग हे तयार मीडियम वेलमध्ये. वेलमध्ये आधीच असलेल्या थंड मीडियमवर पिपेटने १ मायक्रोलिटर सोडणं ही सुया पिकवण्याची खात्रीची पद्धत आहे. मिसळून झाल्यावर एक थेंब काचपट्टीवर २० एक्समध्ये बघा, स्वच्छ असेल तरच पेशींवर.

स्टॉक १० मिलिमोलर (१ मिलीत २.९२ मिग्रॅ) असेल तर २५ मायक्रोमोलरसाठी डीएमएसओ ०.२५ टक्के होतो. कंट्रोलमध्येही ०.२५ च हवा. २५ मिलिमोलर स्टॉक केलात तर तो ०.१ वर येतो. २० मायक्रोलिटरचे भाग करून गडद ट्यूबमध्ये, वरून फॉइल, उणे २० ला. एक भाग एकदाच वितळवायचा.

आता ओरखड्याचं. मायोसिन २ रोखलं की पेशी हळू चालेल, ही समजूतच अर्धवट आहे. पुढच्या कडेला एआरपी २/३ या प्रथिनसंचाच्या जोरावर ऍक्टिनचं जाळं ढकलत असतं, त्याला मायोसिन २ लागत नाही. मायोसिनचं मुख्य काम मागचा भाग आवळून सोडवणं आणि चिकटबिंदूंवर ताण ठेवणं. सपाट पृष्ठभागावर ते काढून घेतलं तर पुढची कड मोकाट धावते, मागे लांब शेपट्या राहतात, आणि सरासरी वेग वाढूही शकतो, घटूही शकतो. ठरतं ते पृष्ठभाग किती चिकट आहे त्यावर. २००६ साली फायब्रोनेक्टिनची (पेशी ज्याला चिकटतात त्या प्रथिनाची) घनता बदलत नेऊन हे छान दाखवलं गेलं: जास्त फायब्रोनेक्टिनवर पेशी इतकी घट्ट बसते की हलत नाही, तिथे मायोसिन रोखलं की ती सुटते आणि वेग वाढतो. तेव्हा मला सांगा, बॅच १ आणि बॅच २ एकाच पृष्ठभागावर होत्या का?

आणखी एक. ब्लेबिस्टॅटिन पेशीविभाजनाची शेवटची पायरी अडवतं, मुळात त्याचा शोध लागला तोच या अभ्यासात. १८ तासांत बऱ्याच पेशी एकदा तरी विभाजनाला येतात, दोन केंद्रकांच्या होऊन पसरतात आणि मोठी पेशी ओरखड्याचा जास्त भाग व्यापते. तुम्ही क्षेत्रफळ मोजता, त्याला तुम्ही स्थलांतर म्हणता. मोजणी ६ तासांच्या आत आटपा किंवा एकेका पेशीचा माग काढा.

---

कोलॅजन_जेल

नायट्रोच्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही म्हणून लिहितो.

पॅरा-नायट्रो ब्लेबिस्टॅटिन २०१४ मध्ये बुडापेस्टच्या गटाने दिलं. नायट्रो गटामुळे चमक जाते आणि निळ्या प्रकाशातलं विषारीपणही जातं. जीएफपी सोडणं शक्यच नसेल तर हा उपाय खरा आहे. पण विद्राव्यता सुधारत नाही, उलट मूळ रेणूपेक्षाही कमी आहे. म्हणजे तुमच्या सुया तशाच राहतील, कदाचित वाढतील. २०१६ मध्ये त्याच गटाने पॅरा-अमिनो रूप दिलं. ते पाण्यात शेकडो मायक्रोमोलरपर्यंत विरघळतं आणि तेही प्रकाशाला निरुपद्रवी आहे. मायोसिनवरची पकड मूळ रेणूपेक्षा थोडी सैल, पण विद्राव्यतेमुळे मात्रा वाढवायला वाव मिळतो. नवीन काही बनवायचंच असेल तर माझं मत अमिनोच्या बाजूने.

तरी आधी तिसऱ्या पायरीवर ताबा येऊ द्या. हे दोन्ही रेणू त्याच कायरल कार्बनवर उभे आहेत. जी गळती इथे आहे ती तिथेही येणार.

आणि (+) रूप फेकू नका. तेच तुमचं सर्वात चांगलं कंट्रोल आहे. मायोसिनवर काम करत नाही, पण प्रकाश अगदी (−) इतकाच शोषतं, तितकंच चमकतं, तितक्याच सुया पाडतं. (+) मध्येही पेशी गोल झाल्या तर तो परिणाम मायोसिनचा नाही एवढं एका वेलमध्ये कळतं. नुसत्या डीएमएसओने हे कधीच कळणार नाही.

---

क्विनोलोन_४

तिघांचेही मनापासून आभार. कायरल एचपीएलसी केलं. एक्सेस असा आला, बॅच १: ८४ टक्के, बॅच २: ३८ टक्के, बॅच ३ (स्फटिकीकरण केलेली): ९९ च्या वर. बॅच २ ला टीएचएफमधला वायू काढलेला नव्हता आणि बाथ रात्रभर तसाच सोडला होता, नोंदवहीत तसं लिहिलेलं सापडलं.

पृष्ठभाग: बॅच १ साध्या प्लास्टिक प्लेटवर, बॅच २ काचेच्या तळाच्या डिशमध्ये, १० मायक्रोग्रॅम प्रति मिली फायब्रोनेक्टिनचा थर देऊन.

म्हणजे बॅच २ अशुद्ध असल्यामुळे उलटा निकाल आला असं मानून पुढे जाऊ का? आणि बॅच २ चा २०० मिग्रॅ माल स्फटिकीकरणाने वाचेल का?

---

उणे_अठ्ठ्याहत्तर

नाही, तसं मानू नका. आकडे मांडून बघा. ३८ टक्के एक्सेस म्हणजे एस रूप ६९ टक्के (शंभरात एक्सेस मिळवून दोनने भागायचं). तुमचे २५ मायक्रोमोलर प्रत्यक्षात १७ च्या थोडं वर होते. बॅच १ मध्ये एस ९२ टक्के, म्हणजे २३. मात्रा चौथ्या हिश्श्याने घटली तर परिणाम फिका होईल, दिशा पालटणार नाही. नॉन-मसल मायोसिन २ निम्मं रोखायला यातले मोजकेच मायक्रोमोलर पुरतात, आणि आर रूप पेशींना पळवत नाही. दिशा पालटली ती फायब्रोनेक्टिनमुळे असण्याचीच शक्यता जास्त. पण तुमच्या दोन प्रयोगांत बॅच आणि पृष्ठभाग दोन्ही एकदम बदलले, त्यामुळे आहे त्या डेटावरून हे कुणालाच ठरवता येणार नाही.

स्फटिकीकरणाबद्दल: ८६ पासून सुरुवात केली तर ऍसिटोनायट्राइलमधून स्फटिक समृद्ध होऊन येतात. ३८ पासून तसंच होईल याचा भरवसा धरू नका. रेसिमिक जोडी आधी बाहेर पडून शुद्ध रूप मदर लिकरमध्ये (स्फटिक गाळून उरलेल्या द्रावणात) राहू शकतं. २० मिग्रॅवर करून बघा आणि स्फटिक व मदर लिकर दोन्हींचं एचपीएलसी घ्या. जिकडे एक्सेस जास्त ते ठेवा. उकळत्या द्रावणाला फॉइल गुंडाळलेली हवी. काही जमलं नाही तर बॅच २ प्रिपरेटिव्ह कायरल कॉलमवर नेऊन तिच्यातून (+) रूप वेगळं काढा, कोलॅजन_जेल यांनी सांगितलेलं कंट्रोल आयतं मिळेल.

---

लॅमेलिपोडिया

पुढच्या प्लेटची मांडणी अशी करा, एकाच दिवशी, एकाच पॅसेजच्या पेशींवर. (−) साठी माल फक्त बॅच ३.

काचेचा तळ, फायब्रोनेक्टिन दोन पातळ्यांवर: १ आणि १० मायक्रोग्रॅम प्रति मिली, ३७ अंशाला एक तास. प्रत्येक पातळीवर चार वेल: डीएमएसओ, (−) २५ मायक्रोमोलर, (+) २५ मायक्रोमोलर, आणि वाय-२७६३२ १० मायक्रोमोलर. शेवटचा रेणू रॉक किनेज रोखतो, मायोसिनला वरून आवर घालतो, आणि त्याची रचना ब्लेबिस्टॅटिनशी अजिबात मिळत नाही. दोघांनी एकच चित्र दिलं तर मायोसिनवर बोट ठेवायला तुम्ही मोकळे. लाल फिल्टर, फेज कॉन्ट्रास्ट, दर १० मिनिटांनी चित्र, ६ तास.

वेग मोजण्याआधी औषध खरंच लागलं का ते बघा. एका जादा वेलमध्ये ३० मिनिटांनी फिक्स करून फॅलोइडिन ६४७: ताणतंतू विरळ झालेले आणि मागे शेपट्या दिसल्या पाहिजेत. त्याच्या शेजारच्या वेलमध्ये औषध धुऊन ताजं मीडियम द्या, तासाभरात तंतू परत यायला हवेत. परत आले नाहीत तर प्रकाशाने इजा झाली आहे असं समजून दिवे आणि फिल्टर पुन्हा तपासा.

आणि सपाट काचेवरच थांबू नका. हेच चार वेल २ मिग्रॅ प्रति मिली कोलॅजनच्या जेलमध्ये रोवलेल्या पेशींवर करा. तिथे केंद्रक अरुंद फटींतून दाबून न्यावं लागतं, ते काम मायोसिनचं, आणि (−) मध्ये वेग घटलेला दिसण्याची अपेक्षा ठेवा. फक्त जेलमध्ये मीडियम झिरपायला वेळ लागतो, म्हणून औषध जेल बनवतानाच मिसळा आणि वरच्या मीडियममध्येही तेवढंच ठेवा.

---

उणे_अठ्ठ्याहत्तर

एक राहिलं. कॉलमवरून ब्लेबिस्टॅटिनच्या आधी किंवा त्याला चिकटून जे बिनरंगी कॅम्फर इमीन येतं, ते तुम्ही टाकून देत असाल. ते पिवळं नसल्यामुळे नजरेतून सुटतं, यूव्ही दिव्यावर किंवा डागून बघा. गोळा करून ठेवा, पुन्हा ऑक्सिडीकरण करून ऑक्साझिरिडीन परत मिळतं. या संपूर्ण मार्गात सगळ्यात महाग तेच आहे, आणि एका मिलिमोलला तुम्ही ७१६ मिग्रॅ वापरता.